हार्वे लेनचं चॅपल आणि आपली मराठी

लेस्टर शहरात सेंट निकोलस सर्कल नावाचं एक मोठं वळण आहे. मधोमध हॉलिडे इनचं काँक्रीटचं हॉटेल आणि त्याच्याभोवती दिवसभर गाड्या फिरत असतात. एका बाजूला ज्यूरी वॉल म्हणजे रोमन काळातल्या हमामखान्याची उभी भिंत, दुसऱ्या बाजूला जुना गिल्डहॉल आणि कॅथेड्रल, आणि पाच-सात मिनिटं चालत गेलात तर ती जागा लागते जिथे २०१२ साली कार पार्कच्या खाली राजा तिसरा रिचर्ड सापडला. म्हणजे या शहरात दोन हजार वर्षांचं काय काय जपलंय ते इथेच सगळं बघायला मिळतं. फक्त हार्वे लेनवरचं बॅप्टिस्ट चॅपल, म्हणजे त्या पंथाचं प्रार्थनाघर, तेवढं बघायला मिळत नाही, आणि त्या चॅपलसमोर जे छोटं घर होतं तेही नाही.

मराठी वाचणाऱ्या माणसाने या जागेशी दोन मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं, कारण या चॅपलमध्ये १७८९ ते १७९३ असा एक मिनिस्टर, म्हणजे धर्मोपदेशक होता, विल्यम केरी. शाळेत मराठी गद्याचा इतिहास शिकताना कलकत्त्याजवळचं सेरामपूर, १८०५ सालचं मराठी व्याकरण, १८१० चा कोश, असं एका परिच्छेदात उरकतात ना, तोच हा केरी. आपल्याकडे त्याची गोष्ट बंगालमध्ये बोटीतून उतरण्यापासून सुरू होते. मी या शहरात राहते म्हणून असेल, पण मला त्याच्या आधीचं जास्त महत्त्वाचं वाटतं. तिकडे जाऊन त्याने जे केलं त्याची सगळी तालीम या गल्लीत झाली आहे.

आधी बॅप्टिस्ट म्हणजे कोण ते थोडं सांगते. यांचं म्हणणं असं की तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून कुणी ख्रिस्ती होत नाही, माणूस मोठा झाला, त्याला स्वतःला पटलं, की मग त्याने पूर्ण पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. केरीचा असा बाप्तिस्मा १७८३ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्दम्प्टनला नेन नदीत झाला. आज हे ऐकायला साधं वाटतं, पण राजा ज्या चर्चचा प्रमुख आहे त्या चर्चच्या बाहेर राहायचं म्हणजे त्या काळात बऱ्याच गोष्टींवर पाणी सोडायचं होतं. १६८९ च्या कायद्याने प्रार्थना करायला परवानगी मिळाली होती खरी, पण नगरपालिकेत किंवा सरकारात पद हवं असेल तर सरकारी चर्चमध्ये जाऊन प्रसाद घ्यावा लागे, ऑक्सफर्ड-केम्ब्रिजची पदवी यांना मिळत नसे, आणि स्वतःचं चॅपल स्वतःच्या पैशाने चालवूनसुद्धा गावच्या सरकारी चर्चच्या डागडुजीसाठी कर भरावा लागे तो वेगळाच. पदांवरची ही बंदी १८२८ पर्यंत टिकली. त्यामुळे ही चॅपलं सहसा मागच्या गल्ल्यांमध्ये, शिखर नाही, घंटा नाही, रंगीत काचा नाहीत, बाहेरून गोदामासारखी दिसणारी. आत बाकं, मध्ये मोठं व्यासपीठ, कारण मुख्य काम प्रवचन ऐकणं. आणि येणारी माणसं म्हणजे मोजे विणणारे, चांभार, छोटे दुकानदार, मोलकरणी.

पण या साध्या खोलीत एक गोष्ट होती जी त्या काळच्या इंग्लंडमध्ये दुसरीकडे सहज मिळत नव्हती. मंडळीचे, म्हणजे चॅपलच्या लोकांच्या संस्थेचे, मेंबर सभेला बसायचे आणि ठरवायचे. मिनिस्टर कोण, त्याला ठेवायचा की जाऊ द्यायचा, नवीन कुणाला घ्यायचं, कुणी दारू पिऊन गोंधळ घातला तर त्याला काढायचं का, हे बिशप ठरवत नव्हता, जमीनदार ठरवत नव्हता. ज्या माणसाला पार्लमेंटचं मत नव्हतं त्याला इथे मत होतं. माझ्या मते चॅपलच्या इतिहासात हीच खरी बघण्याची गोष्ट आहे, विटा आणि कमानी नंतर.

आणि ठरवायचा हक्क आला की भांडणं आलीच. केरी १७८९ मध्ये हार्वे लेनला आला तेव्हा मंडळी आतून पार विसकटलेली होती. देवाच्या कृपेने आपण तरलोच आहोत तर मग नीतीनियम कशाला पाळायचे, अशा मताची मंडळी तिथे होती आणि त्यांचं वागणंही त्या मताला साजेसं होतं. केरीने वर्षभर समजावून बघितलं, उपयोग झाला नाही. मग १७९० मध्ये त्याने जे केलं ते मला फार धाडसाचं वाटतं. त्याने मंडळीच विसर्जित करायला लावली. सगळ्यांचं मेंबरपद संपलं, जुने-नवे, मोठे-छोटे सगळे एका रेषेवर, आता आपण कसं वागायचं याचा नव्याने करार लिहू आणि ज्याला तो मान्य असेल त्याने सही करून परत आत यावं. वय अठ्ठावीस-एकोणतीस, पगार तुटपुंजा, घरात बायको आणि पोरं, आणि हा माणूस स्वतःला पगार देणारी संस्थाच मोडून टाकतोय. जे आले ते मनापासून आले, आणि त्यानंतर मंडळी वाढत गेली. पुढे मे १७९१ मध्ये त्याला रीतसर मिनिस्टर म्हणून दीक्षा मिळाली.

केरी विणकराचा मुलगा, जन्म १७६१ चा, नॉर्दम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावातला. त्वचेचा काहीतरी त्रास होता, उन्हात काम जमेना म्हणून घरच्यांनी जोडे बनवायच्या धंद्यात घातला. शाळा जेमतेम. लॅटिन, ग्रीक, हिब्रू हे सगळं त्याने मिळेल त्या पुस्तकातून आणि मिळेल त्या माणसाकडून उचललं. लेस्टरहून त्याने वडिलांना लिहिलेलं एक पत्र आहे त्यात आठवड्याचा हिशोब दिलाय: सोमवारी भाषा, मंगळवारी विज्ञान, इतिहास आणि लेखन, बुधवारी संध्याकाळचं प्रवचन, गुरुवारी लोकांच्या भेटीगाठी, शुक्रवार-शनिवार रविवारची तयारी, आणि रविवारी तीनदा प्रवचन. हे कमी म्हणून सकाळी नऊपासून थंडीत चारपर्यंत आणि उन्हाळ्यात पाचपर्यंत शाळा चालवायची, कारण चॅपलच्या पगारात घर चालत नव्हतं. जोडे बनवणंही चालूच होतं. शहरातल्या डॉ. आर्नोल्ड नावाच्या डॉक्टरांनी स्वतःची पुस्तकं त्याला वापरायला दिली. त्याच पत्रात तो सांगतो की वर्षभर तो डिसेंटर, म्हणजे सरकारी चर्चच्या बाहेरच्या, लोकांच्या कमिटीचा सेक्रेटरीही आहे, म्हणजे ते भेदभावाचे कायदे रद्द व्हावेत म्हणून तेव्हा जी खटपट चालू होती ती. पार्लमेंटने १७८७ ते १७९० मध्ये तीनदा नकार दिला. आणि या सगळ्यातून वेळ काढून घराच्या छोट्याशा बागेत फुलं. फुलांचं वेड त्याला शेवटपर्यंत होतं, १८२० मध्ये भारतात कृषी आणि बागकामाची संस्था त्यानेच उभी केली.

त्या घरात त्याने जे लिहून पुरं केलं ते १७९२ मध्ये लेस्टरमध्येच छापलं गेलं. अ‍ॅन आयर्लंड नावाच्या बाईंच्या छापखान्यात, ८७ पानं, किंमत दीड शिलिंग. लोक त्याला थोडक्यात एन्क्वायरी म्हणतात. विषय काय, तर जगभर ख्रिस्ती धर्म पोचवायचं काम आपण साध्या माणसांनी करायला हवं की देव बघून घेईल म्हणून हात बांधून बसायचं. पण पुस्तकाचा जो भाग मला थक्क करतो तो म्हणजे तक्ते. पानामागून पानं तक्ते, देश, त्याची लांबी-रुंदी मैलांत, लोकसंख्या, धर्म. सगळ्या जगाची लोकसंख्या त्याने ७३ कोटी १० लाख धरलीय. त्या वेळेपर्यंत या माणसाने समुद्रसुद्धा ओलांडलेला नाही, प्रवासवर्णनं आणि भूगोलाची पुस्तकं वाचून मोजे विणणाऱ्यांच्या शहरात बसून त्याने ही जंत्री केलीय.

आणि शेवटच्या भागात तो पैशाकडे वळतो. कुणा मोठ्या माणसाकडे हात पसरायचा विचारच नाही. म्हणतो, जहाजं चालवणाऱ्या व्यापारी कंपन्या जशा शेअर काढून चालतात, कमिटी असते, तसं आपण करू, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्या. आणि मग एकदम एक उल्लेख येतो, वेस्ट इंडीजच्या साखरेचा. गुलामांच्या घामावर पिकलेली साखर खायची नाही म्हणून त्या वर्षांत इंग्लंडमध्ये हजारो घरांनी साखर सोडली होती. केरी लिहितो की अशी साखर सोडल्याने काही घरांचे आठवड्याला सहा पेन्स किंवा शिलिंग वाचतात, ते वाचलेले पैसे या कामाला द्या. म्हणजे स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्यातून वाचलेल्या पैशांवर जगभरच्या कामाचा हिशोब मांडलाय. आपल्याकडे मूठभर धान्य बाजूला काढून शाळा उभ्या राहिल्यात, त्यामुळे मला हे वाचताना परकं वाटलं नाही.

मे १७९२ मध्ये नॉटिंगहॅमला त्याने बॅप्टिस्ट मिनिस्टरांच्या सभेत प्रवचन दिलं, आणि २ ऑक्टोबरला केटरिंगमध्ये विधवा वॉलिस बाईंच्या घरी मागच्या खोलीत बसून बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या दिवशी कबूल झालेले पैसे १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी लांबवत नाही. मला हार्वे लेनच्या लोकांचं सांगायचंय. पहिला जाणारा माणूस म्हणून केरी स्वतःच उभा राहिला तेव्हा चॅपलचे लोक हबकले असणार. मोडलेली मंडळी ज्याने सांधली तोच निघाला. पण इतकी वर्षं आपण ज्यासाठी प्रार्थना करतोय ते आपल्या दारात आल्यावर नाही कसं म्हणायचं, असं म्हणून त्यांनी त्याला सोडलं. २० मार्च १७९३ ला निरोपाची सभा झाली ती लेस्टरलाच.

आता डोरोथीचं बोलायला हवं. केरीची बायको, लग्न १७८१ चं, लग्नाच्या रजिस्टरमध्ये तिने सहीच्या जागी फुली केलीय कारण तिला लिहिता येत नव्हतं. दोन मुली लहानपणीच गेलेल्या. जायचं ठरलं तेव्हा ती गरोदर होती आणि ती नाही म्हणाली. मिशनवर लिहिलेल्या जुन्या पुस्तकांमध्ये या नकाराबद्दल तिला काय काय बोल लावलेत ते वाचून माझा जीव तुटतो. परत येण्याची खात्री नाही, तिकडे ईस्ट इंडिया कंपनी राहू देईल याची खात्री नाही, फ्रान्सशी युद्ध सुरू झालंय, पोटात मूल आहे, आणि बाईने उड्या मारत हो म्हणायला हवं होतं? केरी मोठ्या मुलाला घेऊन निघालासुद्धा. पण सोबतच्या जॉन थॉमस डॉक्टरांची देणी आणि नसलेला परवाना यामुळे त्यांना जहाजावरून उतरवलं, आणि त्या खोळंब्यात परत येऊन तिला पुन्हा विचारलं. तेव्हा बहीण किटी बरोबर येत असेल तर येते, असं म्हणून ती निघाली, हातात काही आठवड्यांचं बाळ घेऊन. १३ जून १७९३ ला डॅनिश जहाज सुटलं आणि नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला पोचलं. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर तापाने, आवेने गेला आणि डोरोथीचं मन त्यातून परत आलं नाही. पुढची बारा-तेरा वर्षं ती भ्रमात होती, बराच काळ खोलीत बंद ठेवावी लागली, शेजारच्या खोलीत भाषांतराची कामं चालू. डिसेंबर १८०७ मध्ये ती गेली. आपलं मराठी व्याकरण १८०५ चं आहे. म्हणजे ते तयार होत होतं तेव्हा ती भिंतीपलीकडे होती. ही तारीख मला विसरता येत नाही.

धर्मांतराचा हेतू होता का? होता, उघड होता, त्याने तो कधी लपवला नाही, आणि मला तो पटतो असं अजिबात नाही. सगळ्या जगाने एकच गोष्ट मानावी ही इच्छाच मला त्रास देते. पण साखर सोडणारा, सतीबंदीसाठी वर्षानुवर्षं मागे लागलेला, माळ्यासारखा मातीत हात घालणारा हा माणूस त्याच हेतूतून घडलाय, त्यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही. त्यामुळे मी त्याला सबंधच बघते.

सेरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होतं म्हणून तिथे राहता आलं, कारण इंग्रज कंपनीला तेव्हा आपल्या हद्दीत मिशनरी नको होते. तरी त्याच कंपनीने कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्याला तरुण साहेबांना भाषा शिकवायला घेतलं, आधी बंगाली आणि संस्कृत, मग मराठी. इथे येतात वैजनाथ शर्मा. कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित. केरी महाराष्ट्रात कधी राहिलेला नाही, त्याला जी मराठी आली ती या पंडितांकडून. १८०५ चं व्याकरण, त्याच वर्षी बायबलातलं मॅथ्यूचं शुभवर्तमान, १८१० मध्ये मोडी लिपीत छापलेला कोश, १८११ मध्ये नवा करार. आणि मग वैजनाथांची स्वतःची पुस्तकं, १८१४ ची सिंहासनबत्तिशी, पुढे हितोपदेश, प्रतापादित्याचं चरित्र, सगळी सेरामपूरच्या छापखान्यातून मोडीत. तिथले ठसे कोरायची सुरुवात पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराच्या हातून झाली, नंतर त्यांच्या घरातल्याच मनोहरने ते काम पुढे नेलं. त्याच सुमाराला तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यातही मराठी छपाई चालू होती, तेव्हा सगळं श्रेय सेरामपूरला द्यायचं कारण नाही. शिवाय केरीच्या बायबलातली मराठी मुंबईकडच्या मिशनऱ्यांना पटली नाही, त्यांनी नवं भाषांतर केलं, आणि कोश म्हणून पुढे मोल्सवर्थच टिकला. पण बाजारात बोलतात ती भाषा, मोडीत, छापून, कोश-व्याकरणासकट आधी तयार करायची ही चाल मला थेट हार्वे लेनच्या शाळामास्तरची वाटते. ज्याने स्वतः लॅटिन असंच, पुस्तक आणि शेजारचा जाणकार यांच्या आधाराने शिकलं, त्याला पंडितासमोर विद्यार्थी म्हणून बसायला जड गेलं नसणार.

इकडे चॅपल थांबलं नाही. १८०७ मध्ये रॉबर्ट हॉल आला, त्या काळातल्या इंग्लंडमधल्या सगळ्यात नावाजलेल्या वक्त्यांपैकी एक. पाठीच्या मणक्याचा असह्य त्रास, त्यासाठी अफूचा अर्क घ्यायचा, जमिनीवर पडून वाचायचा, आणि व्यासपीठावर उभा राहिला की माणसं श्वास रोखून ऐकायची. त्याच्या काळात चॅपल वाढवावं लागलं. १८१९ मध्ये मोजे विणणाऱ्या कामगारांची मजुरी इतकी पडली की घरं उपाशी, तेव्हा त्यांच्या मदतनिधीसाठी हॉलने जाहीरपणे लिहिलं, मालकांना न आवडणारं लिहिलं. गुलामगिरीविरुद्धही लिहिलं. जेवणाच्या टेबलावरून, म्हणजे प्रभुभोजनात फक्त बुडून बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच बसवायचं की सगळ्या श्रद्धावानांना, या वादात तो सगळ्यांना बसवा या बाजूचा होता. त्याचा पुतळा डी मॉन्टफर्ट स्क्वेअरमध्ये आहे. केरीचा असा पुतळा या शहरात माझ्या पाहण्यात नाही.

हॉल १८२६ मध्ये ब्रिस्टलला गेला आणि जे. पी. मर्सेल आला, राजकारणात पुरता उतरलेला. सरकारी चर्चच्या कराविरुद्ध लेस्टरमध्ये जी मोठी चळवळ झाली, जिच्यात १८४० मध्ये विल्यम बेन्स नावाचे दुकानदार कर न भरल्याबद्दल तुरुंगात गेले, तिच्यात मर्सेल पुढे होता. आता हे लोक मागच्या गल्लीत मावत नव्हते. १८४५ मध्ये मंडळीने बेल्व्हॉर स्ट्रीटवर नवं चॅपल बांधलं, चक्क गोल, जोसेफ हॅन्सम या आर्किटेक्टचं, ज्याच्या नावाने लंडनची हॅन्सम कॅब ओळखली जाते. गोल म्हणून लोक त्याला पोर्क पाय चॅपल म्हणायला लागले. त्याच्या आधी १८३१ च्या सुमाराला काही मेंबर चार्ल्स स्ट्रीटवर वेगळं चॅपल काढून गेले होतेच. पुढच्या शतकात माणसं कमी झाली आणि बेल्व्हॉर स्ट्रीटवाले परत चार्ल्स स्ट्रीटवाल्यांत मिसळले.

हार्वे लेनची जुनी जागा १९२१ मध्ये जळाली. समोरचं केरीचं घर मात्र राहिलं, तिथे त्याच्या वस्तूंचं छोटं म्युझियम होतं. आणि मग १९६० च्या दशकाच्या शेवटी रिंगरोड आला. ज्या घरात बसून सगळ्या जगाची लोकसंख्या मांडली गेली ते घर गाड्यांना जागा करून द्यायला पाडलं, वस्तू चार्ल्स स्ट्रीटच्या चर्चमध्ये हलवल्या. याचा मला राग येतो, अजूनही येतो. आग लागली तर आपण काय करणार, पण हे ठरवून, नकाशावर रेषा मारून केलेलं होतं.

तरीही या शहरातल्या अशा इमारतींचं पुढे जे होतं ते बघायला मला आवडतं. पोर्क पाय चॅपल आता प्रौढशिक्षणाच्या केंद्रात सामील झालंय, तिथे मोठी माणसं संध्याकाळी शिकायला येतात. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं एक चॅपल, ते काँग्रिगेशनल पंथाचं होतं, जैन समाजाने घेतलं, पुढे संगमरवरी दर्शनी भाग लावला आणि १९८८ मध्ये तिथे देरासर सुरू झालं. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेल्या आपल्या लोकांना इकडे येऊ नका अशी जाहिरात याच शहराच्या कौन्सिलने तिकडच्या पेपरात दिली होती, आणि आता बेलग्रेव्ह रोडची दिवाळी शहराचा सण आहे.

आमच्या इथल्या मराठी मंडळींमध्ये कधी केरीचा विषय निघाला की सेरामपूरचा छापखाना, सतीबंदी, झालं. मी आता सांगून ठेवलंय की पुढच्या वेळी कुणी बोलणार असेल तर सुरुवात वैजनाथ शर्मांपासून करा आणि डोरोथीला तिचा पूर्ण वेळ द्या. वैजनाथांची मोडी पुस्तकं वाचू शकणारं कुणी ओळखीत असेल तर मला कळवा. सिंहासनबत्तिशीची दोन-चार पानं मोठ्याने वाचून घ्यायची आहेत, पोरांसमोर, इथेच लेस्टरमध्ये.